रिकाम्या पोटी मनाई

तहसीलदारसाहेबांना भूक फार लागते, ही बाब महायुद्धाच्या एका वर्षी हैदराबादच्या एका बड्या डॉक्टरांच्या नजरेस आली आणि त्यांनी भूक मारणाऱ्या गोळ्या लिहून दिल्या. गोळ्या जालीम होत्या, म्हणून सोबत खबरदारीच्या सूचनाही दिल्या. साहेब कायद्याचे पक्के. सूचनांची अंमलबजावणी त्यांनी दौऱ्यावरही सोडली नाही, आणि दौरा पिंपळगाव रेणुकाईला आला.

दौऱ्यावरच्या अंमलदाराची रसद गावाने पुरवायची, हा रिवाज. त्यामुळे भूक मेलेला साहेब येतोय म्हटल्यावर गाव खूश झाले, आणि सगळ्यांत जास्त गोजरबाई. नवऱ्यामागे माहेरी परतलेल्या या बाईच्या घरात एक शेळी होती आणि एक बाप. बापाला, कडूबाला, भाकरी उतरत नव्हती. तो शेळीच्या दुधावर तग धरून होता. मागच्या साहेबाच्या तावडीतून शेळी थोडक्यात वाचली होती.

"औंदा भ्याव न्हाई, आबा," गोजरबाई म्हणाली. "ह्या सायबाला भूकच लागत न्हाई म्हनं."

"असा सायेब म्या तरी न्हाई पाह्यला," कडूबा म्हणाला. "शेळी आत बांध, गोजरे."

दुसऱ्या सकाळी साहेबांचे कारकून, पेशकार धर्मराज यांनी चावडीत सूचना समजावून दिल्या. गोळी रिकाम्या पोटी घेणे सक्त मना. सबब गोळीआधी शिरा, अंडी आणि साजूक तूप. गोळी पोटात गेल्यावर भूक मेली की नाही, याची तपासणी. सबब साहेबांसमोर पूर्ण जेवण मांडणे. साहेबांनी ताट सारले तर गोळी लागू पडली. ताट संपवले तर तपासणी अपुरी, ती संध्याकाळी फिरून करणे.

तपासण्या अपुऱ्याच राहत गेल्या.

गोळीने छाती धडधडते, म्हणून नाडीवर सतत माणूस हवा होता. ही वेठ कचरू कोतवालाकडे आली. साहेब उजव्या हाताने जेवत, डावा हात कचरू धरून बसे. नाडीतले त्याला काही कळत नव्हते. अधूनमधून तो "चालू हाय, सरकार," म्हणे, आणि साहेब निर्धास्त होऊन आणखी वाढायला सांगत. गोळीने घसा कोरडा पडतो, म्हणून ताक. ताक थंड, म्हणून त्यावर सुंठ-गुळाचे लाडू. गोळीने झोप उडते, म्हणून निजण्याआधी बासुंदी. गावातले कोंबडे संपले, तेव्हा पहाट झाल्याचे न्याहारीच्या हुकमावरून कळू लागले.

इतक्या खबरदारीने साहेब थकले. थकवा आल्यास मटणाचा शोरवा द्यावा, असे सूचनेत होतेच. धर्मराज गोजरबाईच्या दारात उभे राहिले.

"सायबाला भूक न्हाई, तर खाऊन का राह्यले?" तिने विचारले.

"भुकेसाठी कोण खातंय, बाई? औषधासाठी खातात. बिलकुल मन नसतं त्यांचं. बघवत नाही."

"माझा बाप ह्या शेळीच्या दुधावर हाय, पेशकारसाहेब."

"मग त्याला पथ्य कळतं. साहेबांचंही पथ्यच आहे. जल्दी सोड."

शेळी गेली. शोरव्याने गुण आला, कचरूने नाडी चालू असल्याची ग्वाही दिली, आणि साहेबांनी या गावाचे हवापाणी मानवल्याचे सांगून मुक्काम वाढवला.

कडूबाने दूध मागितले. गोजरबाईने त्याला पाणी दिले. ते पिऊन त्याने पुन्हा दूध मागितले. तेव्हा ती उठून चावडीवर गेली. तपासणी चालू होती.

"सरकार, त्यातली एक गोळी द्या," ती म्हणाली. "बाप दूध मागून राह्यला. भूक मेली तर मागणार न्हाई."

साहेबांचा घास हातात राहिला. ते खरोखर घाबरले होते. त्यांनी धर्मराजांकडे पाहिले.

"सकाळपासून काय खाल्लंय त्यानं?" धर्मराजांनी विचारले.

"काई न्हाई."

"मग कशी देणार? रिकाम्या पोटी घेतली तर जिवाला धोका असतो. सरकारला रयतेच्या जिवाची फिकीर आहे, बाई."

"मंग गोळीआधी त्याच्या पोटात काय घालू?"

धर्मराजांनी आठवून पाहिले. "रयतेनं काय खावं ते सूचनेत नाही," ते म्हणाले.

"चालू हाय, सरकार," कचरू म्हणाला, आणि साहेबांनी घास घेतला.

औषधाच्या पुडीवर 'जेवणानंतर' असे लिहिलेले आपण सगळेच वाचतो. वाचून फार तर घड्याळाकडे बघतो; चुलीकडे बघावे लागत नाही.