नव्या खेळयंत्राविषयी अभिप्राय, शेळीसह

कोणत्याही वस्तूविषयी मत देण्यापूर्वी तिचा साद्यंत परिचय करून घ्यावा, हा माझा आयुष्यभराचा नियम आहे. चौतीस वर्षे मी एका ग्रंथालयाच्या हस्तलिखित विभागात जुन्या पोथ्यांच्या सूची केल्या. वाळवीने अर्धे पान खाल्लेली पोथी समोर आली, तरी उरलेल्या अर्ध्यावरून तिचा विषय, तिचा काळ आणि तिच्या लेखनिकाचा स्वभाव मी सांगत असे. अशा माणसाला सोळा बटणांचे एक खेळयंत्र काय भिववणार!

हे मी आमच्या सौभाग्यवतींना मोठ्या आत्मविश्वासाने ऐकवले. त्या वाटाणे सोलत होत्या.

"तुम्हाला अजून मिक्सर लावता येत नाही," त्या म्हणाल्या.

तो विषय वेगळा आहे.

आमची कन्या मालवाहू जहाजावर अभियंता आहे. ती तीन-तीन महिने समुद्रावर असते आणि तेवढा काळ तिची दहा वर्षांची मुलगी आमच्याकडे असते. या खेपेला निघताना कन्येने लेकीला ते यंत्र आणून दिले. नात त्याला 'कन्सोल' म्हणते. यंत्र पांढरेशुभ्र आहे. उभे ठेवले तर जाड शब्दकोशासारखे दिसते. चालू केल्यावर आतून बारीक घुमणारा आवाज येतो, दूध पिऊन झोपलेल्या मांजरासारखा. दोन्ही हातांत धरायचे एक उपकरण सोबत मिळते. खेळात काही पडले-आपटले की ते हातातल्या हातात थरथरते. प्रथम थरथरले तेव्हा मी ते जिवंत मासा सुटावा तसे फेकले आणि ते सौभाग्यवतींच्या वाटाण्यांत जाऊन पडले. एवढे सोडल्यास आमचा आरंभीचा परिचय सुखद होता.

नात त्यावर एक गाव वसवत होती. समुद्रकाठची टेकडी, तिच्यावर घरे, विहीर, पायवाटा. सारा उद्योग तिने आईसाठी आरंभला होता. आई रविवारी परतणार आणि आल्याबरोबर तिला हे गाव दाखवायचे! गावात आईचे निळ्या दाराचे घर होते आणि घरापुढे एक बाक होता, समुद्राकडे पाठ केलेला.

"बाक उलटा का गं?" मी वर्तमानपत्राच्या आडून विचारले होते.

"आई तीन महिने समुद्रच बघतेय, आजोबा. घरी आल्यावर पण तोच बघायचा?"

एवढा विचार करून ग्रंथरचना करणारे लेखक मला चौतीस वर्षांत फार भेटले नाहीत.

परंतु मध्येच बुधवार ते शनिवार अशी शाळेची सहल आली. बाकाभोवती नातीने अठरा रोपे लावली होती. त्यांना रोज पाणी घातले, तरच ती रविवारी फुलणार होती. पाठीवर पिशवी अडकवून ती माझ्यापुढे उभी राहिली.

"आजोबा, आजचं पाणी घातलंय. उद्यापासून तुम्ही. मी यंत्र बंद करत नाही, नुसतं झोपवून ठेवते. टीव्ही लावलात की गाव समोर."

"घातले म्हणून समज."

"आणि 'नव्याने सुरू करा' असं कुठे दिसलं, तर दाबायचं नाही. दाबलं की सगळं गाव पुसलं जातं."

"अगं, मी सातशे वर्षांच्या पोथ्या सांभाळल्या आहेत!"

"त्यांना बटणं नव्हती," ती म्हणाली आणि गेली.

आता, सांभाळणे म्हणजे काय, हे मला कोणी शिकवण्याची आवश्यकता नव्हती. नात वळताच मी कपाटातून स्वच्छ सुती वस्त्र काढले. पोथीला बांधतात तसे ते यंत्राभोवती दुहेरी गुंडाळले, चारही टोके घट्ट आवळली आणि वर सुबक गाठ मारली. धुळीचा कण आत जाईल तर शपथ!

गुरुवारी सकाळी मी हात धुतले, कोरडे केले आणि टीव्ही लावला. गाव समोर आले. निळे दार, बाक, अठरा रोपे. मी पाण्याची झारी उचलतो न उचलतो, तोच यंत्रातले मांजर जागे झाले. त्याचे घुमणे वाढत गेले आणि पाहता पाहता आमच्या दिवाणखान्यात पिठाची गिरणी सुरू झाली! टीव्हीवर काही लाल अक्षरे आली. ती मी चष्मा पुसून वाचेपर्यंत पडद्यावर अंधार झाला.

सौभाग्यवती धावत आल्या. त्यांनी वस्त्राला हात लावून झटकन मागे घेतला.

"अहो, पोथी तापलीय!"

गाठ सोडली. मी पुठ्ठ्याने वारा घातला, त्यांनी फुंकर घातली. पाऊण तासाने यंत्र निवले. मग मी ते पुन्हा चालू केले. यंत्राने विचारले, 'कोण खेळणार?' खाली दोन चित्रे होती. एक चष्मा लावलेला कोल्हा. दुसरी चेहराच नसलेली करडी आकृती. मी कोल्हा निश्चितच नव्हतो. ती करडी आकृती मात्र निवृत्तीनंतरच्या माझ्या सामाजिक स्थानाशी पुष्कळ जुळत होती. मी तिला निवडले.

टीव्हीवर एकच ओळ उमटली: नव्याने सुरू करा.

"दाबायचे नाही!" मी ओरडलो.

"मग दाबू नका!" सौभाग्यवती ओरडल्या.

दाबायचे नाही, दाबायचे नाही, असे घोकत मी ते उपकरण दोन्ही हातांनी इतके घट्ट धरले, इतके घट्ट धरले, की ते दाबले गेले.

गाव नाहीसे झाले. उरली उजाड टेकडी, एक तंबू आणि एक शेळी. शेळी माझ्याकडे पाहून ओरडली.

मी मटकन खुर्चीत बसलो. तीन आठवड्यांचे काम, रविवारची ती वाट पाहणे, सारे माझ्या दोन अंगठ्यांखाली चिरडले गेले होते. सातशे वर्षांच्या पोथ्या म्हणे!

"पोरीला फोन करून सांगा," सौभाग्यवती हळूच म्हणाल्या.

"सहलीत रडेल ती."

"मग काय करणार?"

"एखादी पोथी हरवली, तर आठवणीतून ती पुन्हा लिहून काढतात," मी उठलो. "गाव पुन्हा बांधू! शनिवार संध्याकाळपर्यंत!"

"तुम्हाला आठवतंय सगळं?"

मला विहीर आठवत होती. आणखी काही नाही. मी वर्तमानपत्राच्या आडून पाहिले होते ना! सौभाग्यवतींना मात्र खडान्खडा आठवत होते. त्या पदर खोचून शेजारी बसल्या आणि सांगू लागल्या. "तीन घरं डावीकडे. मधलं बुटकं. अहो, डावीकडे! तुमचा जेवायचा हात नाही, दुसरा!"

गावात सामान देणारा एक बगळा आहे. मी त्याच्याकडे अदबीने जात असे. "बगळेमहाशय, दोन फळ्या मिळतील का?"

"त्याला अहो-जाहो कसलं करताय?" सौभाग्यवती म्हणाल्या. "सकाळपासून एकच वाक्य बोलतोय तो!"

अशा माणसांशीही मी चौतीस वर्षे कार्यालयात अदबीनेच वागलो होतो.

दुपारी शेजारचे मोजणीसाहेब वर्तमानपत्र मागायला आले. हे गृहस्थ जमीनमोजणी खात्यातून निवृत्त झाले आहेत. चप्पल काढतानाही भिंतीपासूनचे अंतर पाहतात. त्यांनी टीव्हीकडे पाहिले, डोळे बारीक केले आणि खिशातून घडीची पट्टी काढली.

"शास्त्रीबुवा, हे निळ्या दाराचं घर कुणी बांधलं?"

"मी."

"दार उघडून बाहेर या बघू."

मी दार उघडून पाऊल टाकले आणि थेट कड्यावरून समुद्रात पडलो. उपकरण थरथरले, शेळी ओरडली. मोजणीसाहेबांनी शांतपणे पट्टी टीव्हीच्या काचेला लावली. "चार बोटं मागे घ्या. अंगण सोडायची पद्धत आहे की नाही?"

ते वर्तमानपत्र विसरले. जेवणही विसरले. गुरुवारी सायंकाळपर्यंत आम्ही तिघांनी दोन घरे उभी केली, तीन पाडली आणि एकमेकांशी सात वेळा अबोला धरला. बाकावरून तर हातघाई व्हायची राहिली.

"बाक समुद्राकडे तोंड करून हवा," मोजणीसाहेब म्हणाले. "दर्शनी बाजू म्हणतात तिला!"

"पाठ करून," सौभाग्यवती म्हणाल्या.

"वहिनी, तीस वर्षं मोजणी केलीय मी."

"आणि मी चाळीस वर्षं मुलगी वाढवलीय! समुद्राकडे पाठ!"

पाठच ठेवली.

खरा शत्रू होती शेळी. कुंपण नसलेली प्रत्येक वस्तू तिला भक्ष्य वाटे. मी अठरा रोपे लावली. मागे वळून पाहतो तो चौदा उरलेली. कुंपण घातले, तिने कुंपण खाल्ले! मी तिला शास्त्रशुद्ध भाषेत समजावले, मोजणीसाहेबांनी सरकारी भाषेत नोटीस दिली, सौभाग्यवतींनी घरगुती भाषेत शिव्या दिल्या. शेळीने तिन्ही भाषांचा समान आदर केला आणि आणखी पाच रोपे खाल्ली.

शुक्रवारी, कामाला ऐन रंग चढलेला असताना कन्येचा फोन आला. जहाजावरून आवाज तुटक तुटक येत होता.

"बाबा, घरी कोणी पाहुणे आलेत का?"

"नाही. का गं?"

"यंत्राचा निरोप येतो मला. पाहुणा काल नऊ तास खेळला म्हणे."

मी आयुष्यात असत्य बोललेलो नाही. परंतु सत्याचा कोणता भाग आधी सांगावा, याचे स्वातंत्र्य प्रत्येकाला असते.

"मोजणीसाहेब येऊन बसतात अधूनमधून," मी म्हणालो.

"नऊ तास?"

"ते निवृत्त आहेत."

फोन ठेवला. मोजणीसाहेब माझ्या शेजारीच बसले होते. त्यांनी पट्टीची घडी घातली, पुन्हा उघडली, पुन्हा घातली. "वा, शास्त्रीबुवा," एवढेच म्हणाले. प्रायश्चित्त म्हणून मला त्यांना दोन वेळा चहा करून द्यावा लागला आणि विहीर त्यांच्या मनासारखी सरकवावी लागली.

शनिवारी दिवेलागणीला नात परतली तेव्हा गाव उभे होते. थोडे वाकडे, थोडे अपुरे. निळे दार होते, बाक होता, रोप मात्र एकच उरले होते. त्याच्याभोवती आम्ही सातपदरी कुंपण घातले होते. मी नातीला समोर बसवले. माझी कबुली मी मनात तीन भागांत रचून ठेवली होती: प्रस्तावना, अपराध आणि क्षमायाचना. प्रस्तावनेच्या दुसऱ्याच वाक्याला मी ती गुंडाळली आणि थेट अपराधावर आलो.

"बाळ, तुझे गाव गेले. माझ्या हातून पुसले गेले."

नातीचा चेहरा पांढरा पडला. ती टीव्हीसमोर गेली. आमचे गाव पाहिले. मग वर कोपऱ्यात पाहिले, आणि तिच्या भुवया वर चढल्या.

"आजोबा, तुम्ही करड्यातून गेलात?"

"कोल्हा मी नव्हतो."

"कोल्हा मी आहे! करडा म्हणजे पाहुणा. पाहुण्याचं गाव वेगळं असतं!"

तिने कोल्हा दाबला. तिचे गाव जसेच्या तसे उघडले! सुबक घरे, सरळ पायवाटा, निळे दार. मी हर्षाने उडीच मारणार होतो, तेवढ्यात मोजणीसाहेबांची पट्टी बाकाकडे वळली.

"रोपं," ते पुटपुटले.

तीन दिवस आम्ही तिघे राबलो होतो आणि त्या अठरा रोपांना पाण्याचा थेंबही मिळाला नव्हता. सगळ्यांनी माना टाकल्या होत्या. जिने मला हे एकच काम सांगितले होते, ती नात स्वतःच झारी घेऊन धावली. एक, दोन, तीन... आम्ही श्वास रोखून मोजत होतो. अठरावे रोप झाले. काहीच घडले नाही. मग पहिल्याने मान किंचित उचलली. दुसऱ्याने उचलली. सौभाग्यवतींनी मोजणीसाहेबांच्या पाठीवर अशी थाप मारली, की त्यांचा चष्मा खाली पडला!

रविवारी कन्या आली. पिशवीसुद्धा खाली न ठेवता तिने लेकीचे गाव पाहिले. सतरा रोपे फुलली होती. अठरावे माझ्यासारखे जरा मंद निघाले. मग नातीने उत्साहाने दुसरे गाव उघडले. ते वाकडे घर, ती सरकलेली विहीर, ते सातपदरी कुंपण पाहून कन्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. हसता हसता थांबली.

"इथेसुद्धा बाक उलटा?"

"तुला समुद्राचा कंटाळा येतो ना," सौभाग्यवती म्हणाल्या.

कन्या आईजवळ सरकून बसली. मग डोळे पुसून तिने उपकरण हाती घेतले.

"बाबा, पाहुण्याला मी रोज एक तासाची मर्यादा घातलीय. मोजणीकाकांच्या डोळ्यांना या वयात नऊ नऊ तास बरे नाहीत."

मोजणीसाहेब उभे राहिले. खाकरले. तीस वर्षांत त्यांनी कोणाच्या हद्दीविषयी इतके स्पष्ट निवेदन केले नसेल. नऊ तासांपैकी किती त्यांचे आणि किती माझे, हे त्यांनी मिनिटांसह सांगितले.

मर्यादा उठली नाही. फक्त तिच्यावरचे नाव बदलले. सांकेतिक शब्द नातीकडे आहे आणि ती फार कडक आहे. "आधी फिरून या, मग गोळी घ्या, मग तास," असे सांगते.

तर वाचकहो, माझा अभिप्राय असा: यंत्र उत्तम आहे. त्याला वस्त्रात बांधू नये. कोल्हा कोण, हे आधी विचारून घ्यावे. खरे तर एवढेही मी लिहिले नसते. परंतु आजचा माझा तास सकाळीच संपला आहे, आणि उद्या उजाडेपर्यंत ती शेळी त्या एकुलत्या एका रोपाच्या कुंपणाशी मोकळीच आहे.