गुणमालाबाईंनी समुद्र गाळला

रविवार, ११ मार्च १९७९. सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी सांगलीच्या गावभागातल्या एका घराच्या पुढच्या खोलीत काचेच्या टाकीतलं पाणी लाल रेघेच्या दोन बोटं खाली आढळलं. टाकीत दोन मासे होते, नारिंगी रंगाचे, अंगावर पांढरे पट्टे. दोन्ही जिवंत होते. पाणी भरण्यासाठी ठेवलेले दोन्ही कॅन रिकामे होते.

हे सर्वप्रथम पाहिलं घरमालकीण गुणमालाबाईंनी. मासे त्यांचे नव्हते. जैनाच्या घरात मासे, तेही पाळलेले, हा गल्लीत सहा महिने विषय झाला होता. पुढच्या खोलीतले भाडेकरू हंबीरराव लाड मूळचे कुंडलचे. त्यांच्या भावकीत घरटी एक माणूस पायदळात. हे एकटेच नौदलात गेले. वीस वर्षं समुद्रावर काढून आता साखर कारखान्यात बॉयलरवर होते. समुद्राची आठवण म्हणून त्यांनी ही टाकी मांडली, तेव्हा गुणमालाबाईंनी एकच विचारलं होतं, "भावजी, ह्ये खायचं का?"

"न्हाई वैनी. नुसतं बघायचं."

"मग ठेवा."

पुतण्यासाठी मुलगी बघायला हंबीरराव गुरुवारी कोरेगावला गेले. जाताना वहिनींना त्यांनी बॉयलरचा चार्ज द्यावा तसा टाकीचा चार्ज दिला. दाणा चिमूटभर. पाणी उडून जातं, मीठ मागं राहतं, म्हणून लाल रेघेच्या दोन बोटं खाली गेलं की रेघेपर्यंत साधं पाणी घालायचं. पण ते ह्या कॅनमधलं, डिस्टिल. "नळाचं थेंबभर बी न्हाई वैनी. त्यात नगरपालिका पावडर टाकती. एक तांब्या पडला तर दोघं बी जातील."

जातील हा शब्द गुणमालाबाईंच्या मनात तीन दिवस बसून होता. त्यांच्या घरात मुंगीला वाट करून देत. संध्याकाळी साडेपाचच्या गाडीनं हंबीरराव येणार होते. तोवर दोन जीव त्यांच्या हवाली होते.

त्यांनी नवऱ्याला उठवलं. "आवं, कॅनमधलं पाणी कुठं गेलं?"

सुकुमारशेट हळदीचे अडते. रविवारी बाजार बंद, म्हणून ते सावकाश उठण्याच्या बेतात होते. "कुठलं कॅन?"

"भावजींचं. माशाचं."

"ते माशाचं व्हतं?" शेट ताडकन बसले. "त्यावर बॅटरीचं पाणी म्हणून लिवलंय की. एक शेतावर ट्रॅक्टरच्या बॅटरीत घातलं, एक मेव्हण्याच्या ट्रकला दिलं."

"कवा?"

"शुक्रवारी."

"म्हंजे दोन दिवस मी रिकाम्या कॅनकडं बघून निवांत बसल्ये! आवं, ट्रॅक्टर मरतोय का पाण्याबिगर?"

"मासा बॅटरीचं पाणी पितो, ह्ये मला कसं कळावं?"

मुद्दा बिनतोड होता. पण पाणी रेघेखालीच राहिलं.

ते कॅन शेजारच्या बिराप्पाच्या दुकानातले. बिराप्पा गाड्यांच्या बॅटऱ्या भरून देई आणि डिस्टिल पाणी विकी. शेट बनियनवरच तिकडं गेले. दुकानाला कुलूप होतं. बिराप्पा आदल्या दिवशीच देवाला गेला होता. संध्याकाळी येणार, असं कळलं.

"इंजेक्शनला वापरत्यात ते बी डिस्टिलच असतंय," शेटना सुचलं. ते एवढ्या जोरात सुचलं, की सदरा उलटा घालून ते गेले आणि सव्वासातला परत आले. उघड्या सापडलेल्या एकमेव औषधाच्या दुकानातल्या होत्या तेवढ्या सगळ्या नळ्या त्यांनी आणल्या होत्या. चोवीस नळ्या, प्रत्येकीत पाच सीसी.

काच फोडण्यात शेटचं बोट कापलं. चोवीसावी नळी टाकीत रिकामी झाल्यावर दोघंही वाकून रेघेकडं बघत राहिले.

"वाढलं का?" शेटनी विचारलं.

"तुमचं रगात वाढलं असंल तेवढंच."

गुणमालाबाई देवदर्शनाला गेल्या. दर्शन झाल्याखेरीज त्या पाणीही घेत नसत. जाताना बजावून गेल्या, "कशाला हात लावू नगा." त्या पावणेआठला परतल्या, तेव्हा पाणी रेघेच्या जवळ आलं होतं, शेट आंघोळीला गेले होते आणि एक मासा शिंपल्याच्या मागं आडवा पडला होता.

बाईंनी टाकीवर नाक नेलं. पावडरीचा वास आला.

"किती तांबे?" त्यांनी न्हाणीघराच्या दाराशी उभं राहून विचारलं.

आत पाण्याचा आवाज थांबला. "तीन."

"नळाचं?"

"चार असतील."

"गाळलं व्हतं?"

आत पुन्हा पाणी ओतल्याचा आवाज सुरू झाला. गुणमालाबाईंच्या घरात लग्नानंतरच्या बावीस वर्षांत न गाळलेलं पाणी कुठल्याही भांड्यात पडलं नव्हतं. दुपदरी पांढऱ्या फडक्यातून गाळायचं, उकळायचं, निववायचं, आणि फडक्यात जे काही अडकलं असेल ते ज्या विहिरीचं पाणी त्याच विहिरीत परत नेऊन सोडायचं. परसातल्या आडावर रोज पहाटे हा क्रम चाले. आता घरातल्या सगळ्यांत मोठ्या भांड्यात न गाळलेलं पाणी होतं, आणि ते पिऊन एक जीव आडवा झाला होता.

त्यानंतरचा पाऊण तास त्या घरानं तसा पुन्हा पाहिला नाही. दोन्ही मासे तांब्यानं उचलून मोठ्या पातेल्यात ठेवण्यात आले. टाकीतलं पाणी घागरी-घागरीनं बाहेर आलं. शेट दोन्ही हातांनी फडकं ताणून धरत, बाई वरून धार सोडत. फेस येई, शिंतोडे उडत, खारट पाणी शेटच्या कापलेल्या बोटाला झोंबे.

"अगं, जरा हळू! ह्यो समुद्र हाय."

"समुद्र असला म्हणून काय झालं? गाळल्याबिगर न्हाई."

गाळलेलं पाणी काचेसारखं स्वच्छ होऊन टाकीत परत गेलं. ते पुन्हा रेघेखालीच भरलं, कारण बरंचसं शेटच्या धोतरात होतं. तेव्हा बाईंनी स्वयंपाकघरातून उकळून निववलेल्या पाण्याची कळशी आणली. बिराप्पा रोज सकाळी अशीच एक कळशी मागून नेई, दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांना प्यायला म्हणून. आज तो नव्हता, त्यामुळं त्याच्या वाटणीची कळशी तशीच उरली होती. ती रेघेला बरोबर पुरली.

आठ बेचाळीसला मासे टाकीत सोडले. आडवा पडलेला मासा क्षणभर आडवाच तरंगला. बाईंनी णमोकार मंत्र म्हणायला घेतला. तिसऱ्यांदा म्हणताना त्यानं शेपूट हलवली, सरळ झाला आणि काचेजवळ येऊन बाईंकडं बघू लागला.

"उठला! आवं, उठला!" बाई ओरडल्या. शेटनी ओल्या धोतरानिशी टाळ्या वाजवल्या. दोघांनी बावीस वर्षांत इतक्या मोठ्यानं एकमेकांचं कौतुक केलं नव्हतं.

मग बाईंची नजर फडक्याकडं गेली. उन्हात धरलं, तर हिरवट गाळात बारीक बारीक काहीतरी टुणटुणत होतं. त्यांनी घाईनं फडकं कडीच्या डब्यात, टाकीतल्याच खाऱ्या पाण्यात बुडवलं.

"ह्ये परत सोडाय पायजे," त्या म्हणाल्या.

"मग सोड की टाकीत."

"टाकी म्हंजे भांडं. घागरीतलं गाळलं तर आपण घागरीत सोडतो का आडात? आणि टाकीत सोडलं तर ते दोघं गट्ट करत्यात त्येंना."

"मग किस्नंत सोडतो. किस्ना जाती समुद्राला."

"ती जाती तिकडं, आंध्रात. ह्ये हिकडच्या समुद्राचं. आणि गोड्या पाण्यात जगत्याल का?" बाईंनी खोलीच्या कोपऱ्यातल्या निळ्या पिंपाकडं बोट केलं. हंबीररावांचं समुद्राचं पाणी त्यातून येई. पिंपावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं होतं : रत्नागिरी.

शेटनी पिंपाकडं पाहिलं, बायकोकडं पाहिलं, डब्याकडं पाहिलं. "आज रविवार हाय गं," ते म्हणाले.

"मग बरंच. बाजार बंद हाय. चार तांबे कुणी घातलं?"

साडेनऊच्या रत्नागिरी गाडीत सुकुमारशेट खिडकीशी बसले. मांडीवर कडीचा डबा होता.

संध्याकाळी पाच पन्नासला हंबीरराव आले. मुलगी पसंत पडली होती, हातात पेढ्यांचा पुडा होता. खोलीत पाऊल टाकताच ते थबकले. मासे असे पळत होते, की टाकी लहान वाटावी. पाणी असं होतं, की दिसूच नये.

"वैनी! काय केलंसा ह्येला?"

गुणमालाबाईंनी काही लपवलं नाही. ट्रॅक्टर, चोवीस नळ्या, चार तांबे, फडकं, सगळं क्रमानं सांगितलं. "चुकलं आमचं, भावजी. पण वर घातलं ते माझं गाळून उकळलेलं हाय. डिस्टिल न्हाई."

हंबीररावांचा चेहरा उतरला. "तुमचा गुन्हा न्हाई, वैनी. पण ह्ये लय नाजूक काम असतंय. आज पळत्यात, उद्या सकाळी कळंल. सहा म्हैनं झालं, डिस्टिलबिगर थेंब पाजला न्हाई मी त्येंना. साधं उकळून भागलं असतं, तर मी कॅन कशाला घेतलं असतं?"

गुणमालाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या टाकीसमोर पाटावर बसल्या. उद्या सकाळपर्यंत तिथून हलायचं नाही, असं त्यांनी ठरवलं.

सहा वाजून दहा मिनिटांनी दारात बिराप्पा आला. कपाळाला भंडारा होता, हातात रिकामी कळशी. "आक्का, आजचं पाणी शिल्लक हाय का? दुकान उघडलं, तर कॅन सगळं मोकळं. उद्या सकाळी कारखान्याच्या चार गाड्या येणार हायत."

"गाड्या?" हंबीरराव वळले. "गाड्या पाणी पित्यात व्हय रं, बिराप्पा?"

बिराप्पानं तेव्हा कुठं त्यांना पाहिलं. कळशी पाठीमागं गेली.

"म्हंजे... ड्रायव्हर पित्यात."

"कॅनमधनं?"

बॉयलरवर काम करणाऱ्या माणसाला काटा कुठं अडकलाय ते लगेच कळतं. हंबीररावांनी रिकामा कॅन उचलला, बिराप्पाच्या नाकासमोर धरला. बिराप्पानं दोनदा देवाची शपथ घेतली, तिसऱ्यांदा घेताना अडखळला.

"आण्णा, डिस्टिलचं मशीन बिघडलं दिवाळीच्या आदी," तो म्हणाला. "तवापास्नं आक्काचंच पाणी देतोय. पण एक बी बॅटरी परत आली न्हाई बगा. तुमचं मासं बी न्हाईत."

हंबीररावांनी कॅन खाली ठेवला. मग पेढ्यांचा पुडा सोडून त्यांनी पहिला पेढा गुणमालाबाईंसमोर धरला. बाईंनी घेतला नाही. त्या बिराप्पाकडं बघत होत्या.

"आरं, मला वाटायचं, रोज कळशीभर तहानलेली मानसं पित्यात. मी रोज दुवा मोजायची!"

"ट्रॅक्टरनं बी दुवा दिलाच असंल, आक्का."

तेवढ्यात बिराप्पाच्या दुकानातला फोन वाजला. रत्नागिरीचा ट्रंक कॉल होता. सहा पंचवीसची वेळ. गुणमालाबाई धावल्या, मागून पेढ्यासकट हंबीरराव.

"गुणा, पोचलो!" शेट तिकडून ओरडत होते. "पण लय हाल झालं. डब्याला वास सुटला. कंडक्टर म्हणतोय, शेट, तुमी कवापास्नं खाया लागला? गाडीत जयसिंगपूरची आपली दोन मानसं व्हती. काय बी बोलली न्हाईत. नुसती जागा बदलली त्येनी!"

"डब्यातलं हायत का जित्तं?"

"टुणटुणत्यात. मीच राहिलोय उपाशी. घरचं पाणी घरातच राहिलं, सकाळधरनं घोट न्हाई. आता सोडतो समुद्रात आणि दिवस बुडायच्या आत दोन केळी खातो."

हंबीररावांनी कान फोनजवळ आणला होता. "वैनी, शेट कुठं गेल्यात म्हणालासा?"

"रत्नागिरीला. तुमी पाणी आणलं तिथं. पिंपावर लिवलंय की."

"पिंप रत्नागिरीचं," हंबीरराव हळूच म्हणाले. "आंब्याच्या रसाचं. पाणी मालवणचं हाय. माझा नेव्हीतला दोस्त भरून धाडतो."

गुणमालाबाईंनी ते फोनवर तसंच्या तसं सांगितलं.

"गुणा?" शेट म्हणाले. "समुद्र सगळा एकच असतोय. व्हय का न्हाई?"

गुणमालाबाईंनी डोळे मिटले. बावीस वर्षं ज्या आडाचं त्याच आडात. शेजारच्या आडातसुद्धा कधी नाही.

"आवं," त्यांनी विचारलं, "मालवणची गाडी कवा हाय?"

"स्टँडवर सातची लिवल्या. पण गुणा, दिवस बुडतोय! मी आदी केळी खाऊ का..."

तीन मिनिटं झाली आणि लाइन तुटली. मासे उत्तम आहेत. बिराप्पाला अद्याप कळशी मिळालेली नाही. सुकुमारशेट सहा वाजून अठ्ठावीस मिनिटांपर्यंत रत्नागिरीच्या स्टँडवर डबा घेऊन उभे होते, एवढंच निश्चित सांगता येतं.