अर्थिंगच्या तारांचा प्रताप व रावजी मिस्त्रींची बरतरफी

श्री. गाडी नवी असता जो नारळ घेतो आणि बंद पडली असता ढकलावयास येत नाही, त्या देवास कोपरापासून नमस्कार. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सरे, वैशाख मास. मुळूख कोणता आणि राजा कोण हे पुसो नये. ज्याचे मीठ खाल्ले त्याचे नाव घेऊन काय मिळवावयाचे? आम्ही दरबारचे लेखक. दफ्तरी लिहिले ते निराळे, येथे लिहितो ते डोळ्यांनी देखिलेले.

श्रीमंतांची खाशी मोटार, काळी, लांब, थोरल्या महाराजांचे कारकीर्दीतली. आणि रावजी पांचाळ मिस्त्री चाळीस वर्षे तिची निगा राखीत, आणि मोटारखान्याची किल्ली त्यांचे कमरेस असे, तोच त्यांचा मान, दुसरे इनाम नाही. गाडी घाट चढता धापा टाकी हे खरे. मिस्त्री म्हणत, "सरकार, तिचे वय जाहले. तेलपाणी वेळेवर करू, बेताने हाकू, अजून दहा वर्षे काढील." ऐसे सरळ बोलणे दरबारात कोणास रुचावे? तो राणीसाहेबांचे बंधू फत्तेसिंगराव शहराहून आले आणि सोबत तांबड्या तारांची पेटी आणिली, एकेक तार अंगठ्याएवढी जाड, टोकांस सोनेरी मुलामा, आणि बोलिले, "दाजीसाहेब, गाडीत जोर आहे, विजेची वाट चिंचोळी आहे. बॅटरीतून निघाली वीज दिवे, भोंगा, इंजिन फिरोन गाडीच्या सांगाड्यातून अर्थिंगच्या तारेने घरी येते. ती तार जाड करा, मग पाहा गाडी कशी उधळते!" श्रीमंतांची मर्जी बसली. मग मिस्त्रींनी हात जोडून अर्ज केला की, "मूळची तार शाबूत आहे, मी मीटर लावून पाहिले. वेशीतून दोन माणसे जावयाची असता वेस रुंद केली म्हणोन माणसे चार होत नाहीत." त्यावर फत्तेसिंगराव बोलिले, "मिस्त्री, तुमचा मीटर तुमच्याच वयाचा!" आणि अवघा दरबार हासिला, आणि आम्हीही हासिलो.

मग मूळच्या तारेच्या जोडीस सात तारा बांधिल्या आणि झेंडूची माळ घातली आणि श्रीमंत खासे हाकावयास बसले आणि सडकेवर एक फेरी करोन उतरले आणि आज्ञा जाहली, "पळते! आमच्या पायास कळते." मग दिवाणजींनी फेरी मारिली, त्यांसही पळते. मग सेनापती, ज्यांस गाडी हाकता येत नाही, ते मागे बसोन आले आणि बोलिले, पळते. आम्ही नुसते दार उघडोन लाविले आणि म्हणालो, दारसुद्धा हलके जाहले. काय करता, पोट आहे! परंतु मिस्त्रींची बुद्धी कोठे फिरली कोण जाणे. दुसरे दिवशी सकाळी त्यांनी साती तारांची आतली टोके सोडविली आणि चिकटपट्टी गुंडाळोन तैशीच दिसतील ऐशी ठेविली आणि श्रीमंत फेरी करोन आले आणि बोलिले, "आज तर कालच्याहून पळाली! तारा मुरल्या." तेव्हा मिस्त्रींनी बॉनेट उघडिले आणि सर्वांसमक्ष म्हणाले, "सरकार, आज या सातांतली एकही तार जोडलेली नव्हती. गाडी कालही हीच होती, आजही हीच आहे." फत्तेसिंगराव पुसते जाहले, "म्हणजे महाराज खोटे बोलिले?" मिस्त्री बोलिले, "नाही जी. पाय फसतो. माझाही फसतो, म्हणोन तर मीटर ठेवितो." श्रीमंत हासते तर प्रकरण तेथेच मिटते. ते हासिले नाहीत. इतुकेच बोलिले, "किल्ली ठेवा." चाळीस वर्षांची गाठ, म्हाताऱ्या बोटांस सुटेना, आणि आम्ही दोन हात अंतरावर उभे होतो आणि पुढे जाहलो नाही. थू आमच्या जिण्यावर!

मग दरबारी ठराव जाहला की श्रीमंतांच्या पायास जे कळले तेच सत्य, आणि तो आमचेच हाताने लिहिला. मोटारखाना फत्तेसिंगरावांकडे गेला आणि त्यांनी दसऱ्याचे तोंडावर तारा एकवीस केल्या, आणि रंग खरवडला तर शोभा जाते म्हणोन त्या रंगावरच आवळिल्या, आणि मूळची काळी तार कुरूप दिसते म्हणोन काढोन भंगारात टाकिली. शहाणपणाची शर्थ! रंगातून वीज जात नाही हे ज्यास ठाऊक होते तो घरी बसला होता. दसऱ्याचा दिवस आला, सीमोल्लंघनास अवघे शहर लोटले, वाजंत्री उभी राहिली, श्रीमंत गाडीत बसले आणि चावी फिरविली आणि गाडी बोलिली, "टक्". पुन्हा "टक्". श्रीमंतांचे तोंड उतरले आणि दिवाणजींनी आम्हांस मिस्त्रींकडे पिटाळिले. आम्ही धापा टाकीत म्हणालो, "मिस्त्री, चला, अब्रू जाते!" ते म्हणाले, "कोणाची?" मग आपणच उठले आणि म्हणाले, "चला. गाडीचा काय दोष?" आणि येऊन त्यांनी भंगारातून जुनी तार शोधिली आणि पॉलिशकागदाने सांगाडा घासोन लखलखीत केला आणि बोल्ट आवळिला, आणि गाडी पहिल्या चावीस सुरू जाहली. तोच फत्तेसिंगराव ओरडिले, "एकवीस तारांचा प्रताप!" आणि वाजंत्री वाजू लागली. श्रीमंतांनी मिस्त्रींकडे पाहिले, आणि त्यांस सर्व कळले हे आम्ही देखिले, आणि मग त्यांनी नजर पुढे वळविली आणि स्वारी निघाली. मिस्त्री धुरात उभे होते. आम्हांस म्हणाले, "लेखकराव, किल्ली राहू द्या. दफ्तरात एवढी एक ओळ लिहा, की जुनी तार शाबूत होती." आम्ही म्हणालो, लिहितो.

दफ्तरात लिहिले, एकवीस तारांच्या प्रतापे स्वारी सुखरूप सीमा ओलांडोन आली. मिस्त्री त्याच पौषात वारले.

सारांश : मूळची तार धड असता जाड तारेने गाडी पळत नाही, गंज पुसावा, बोल्ट आवळावा, आणि पळते म्हणणारांत उभे राहू नये. मिस्त्रींनी एक ओळ मागितली होती. आज इतुकी लिहिली, तरी वाचावयास ते नाहीत. लेखणी येथे ठेविली.