मांडीला विचारून

वाशीच्या त्या झकपक दुकानात मोहिते काकांनी चपला काढल्या, चकचकीत फरशीवर मांडी घातली आणि सेल्समनला म्हणाले, "हं. ठेवा आता."

सेल्समनने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं, तर खाली काका. म्हणून छताकडे पाहिलं.

"काका, खुर्ची देतो ना."

"खुर्ची कशाला? ह्याला लॅपटॉप म्हणता न्हवं? लॅप म्हंजे मांडी. मग मांडीला विचारल्याशिवाय घ्यायचा कसा?"

त्या मुलाने लॅपटॉप काकांच्या मांडीवर ठेवला. मी त्याची माफी मागितली. मी सगळ्यांचीच मागतो.

मोहिते काका खारघरच्या आमच्या सोसायटीत बी विंगला राहतात. मूळचे साताऱ्याकडचे, सरकारी कचेरीतून निवृत्त. चाली लावणं हे त्यांचं वेड. लिफ्टमध्ये 'कृपया दरवाजा बंद करा' म्हणणारी जी अदृश्य बाई आहे, तिच्या त्या वाक्याला काकांनी चाल लावली आहे आणि ती इतकी चपखल बसली आहे की मला आता ते वाक्य साधं ऐकूच येत नाही. पाणीकपातीच्या नोटिशीलाही त्यांनी चाल लावली होती. सेक्रेटरी चिडले. काका म्हणाले, "नोटीस करुण होती, चाल करुण लागली. माझं काय चुकलं?"

पूर्वी हे सगळं पेटीवर चालायचं. मग त्यांच्या भाच्याने त्यांना कम्प्युटरवर संगीत करायला शिकवलं. पेटी, तबला, बासरी, सगळं आतच. ते जुनं धूड एके दिवशी बंद पडलं आणि काकांनी मला गाठलं. मी महाप्याला एका आयटी कंपनीत आहे. माझं काम कँटीन आणि स्टाफच्या गाड्या बघण्याचं, पण महापे म्हटलं की लोकांना वाटतं, मी तिथे कम्प्युटर जन्माला घालतो. मी वेळीच खुलासा करायला हवा होता. केला नाही. काका इतक्या विश्वासाने बघत होते.

"हलका पायजे, परब. आणि लवकर. जुना गेल्यापासनं एक चाल धरता आली न्हाई. सुटत चाललंय सगळं."

मला वाटलं, कलावंत माणूस, असं बोलायचाच.

पहिल्या दुकानात काका म्हणाले, "हलका दाखवा." मालक ताठ झाला. "काका, हलका माल आपण ठेवतच नाही."

"अहो, वजनाला हलका!"

मग वजन सुरू झालं. काका प्रत्येक लॅपटॉप डाव्या हाताने उचलायचे. उघडायचा डाव्याच हाताने. बटणं दाबायची डाव्याच हाताने. उजवा हात मांडीशेजारी उताणा पडलेला, जणू तो त्यांचा नव्हेच.

"काका, डावखुरे का?" सेल्समनने विचारलं.

"न्हाई."

बाहेर आल्यावर वडापाव त्यांनी उजव्या हाताने खाल्ला.

"यात ग्राफिक कार्ड आहे," दुसऱ्या दुकानातला मुलगा कौतुकाने म्हणाला. "पत्ते खेळायचे न्हाईत मला," म्हणत काकांनी डॉक्टरसारखा लॅपटॉपला कान लावला. आतला पंखा फिरत होता. "धापा टाकतोय हा. ह्यो न्हाई चालायचा." तिसरा जरा रुंद होता, तो म्हणे शेजारच्या मांडीवर अतिक्रमण करत होता. चौथ्याची वायर लावायची जागा उजवीकडे होती.

आणि प्रत्येक ठिकाणी शेवटी तोच प्रश्न. "चालत्या गाडीत चालंल न्हवं?"

काही न घेता दुकानातून बाहेर पडणं मला जमत नाही. त्या पोरांनी एवढं दाखवलं, एवढं वाकले. म्हणून मी दर दुकानातून एकेक माऊसपॅड घ्यायचो. शेवटी बायको म्हणाली, "अहो, एका उंदराला किती गाद्या घालणार?"

एका शनिवारी माझा धीर सुटला. "काका, घरी टेबलावर बसा ना आरामात! मोठा स्क्रीन, मोठा आवाज. गाडीतच कशाला पाहिजे?"

"घरी चाल येत न्हाई, परब. गाडी चालली की येती."

मला हे सोंग वाटलं. मी त्यांना एक मोठा, दणकट लॅपटॉप घ्यायला भाग पाडलं. जवळजवळ. काकांनी तो मुकाट्याने डाव्या हाताने उचलला, मनगट वाकलं, लॅपटॉप निसटला आणि त्यांनी तो कसाबसा छातीशी धरला. मी म्हणालो, "दोन्ही हातांनी धरा की!" त्यांच्या चेहऱ्यावर राग असता तर मला बरं वाटलं असतं. ते घाबरले होते. त्या दिवशी मी दोन माऊसपॅड घेतले.

पुढच्या आठवड्यात बेलापूरला एक सापडला. बारका, राखाडी, आत पंखाच नाही. डाव्या हाताच्या एका बोटाने उघडला. काका फरशीवर बसले, डोळे मिटले.

"मांडी हो म्हंती," ते म्हणाले.

परवा सकाळी मी उलव्याला मेहुण्याकडे निघालो होतो. एसी बस निम्मी रिकामी. पुढे एका बाकावर मोहिते काका आणि खिडकीशी काकू. पक्षाघातानंतर काकूंची वाचा गेली, हे सगळ्या सोसायटीला ठाऊक आहे. भेटलं की त्या डावा हात उचलतात, आपण "बऱ्या आहात ना?" म्हणतो आणि लिफ्टकडे वळतो. निदान मी वळतो.

हाक मारणार तेवढ्यात मला गुणगुणणं ऐकू आलं. शब्द नव्हते. पण काकू गुणगुणत होत्या, खिडकीबाहेर बघत, स्वच्छ सुरात. पदराला एक इवलासा माइक टाचलेला. काकांचा उजवा हात त्यांच्या डाव्या मुठीत घट्ट होता. काकांचा डावा हात मांडीवरच्या लॅपटॉपवर सावकाश फिरत होता.

मी त्यांच्या मागच्या बाकावर बसलो.

काकांनी मान वळवली. अगदी हळू म्हणाले, "घरी गप असती. गाडी चालली की येतं तिला. सोडून बगितला हात, तर थांबती." मग म्हणाले, "रोज थोडं कमी येतंय, परब. म्हणून घाई केली. चाल तिचीच आहे. मी नुसती खाली पेटी धरतो."

एका कानातला इअरफोन काढून त्यांनी मला दिला. मी तो कानाला लावला. काकूंचा आवाज आणि त्याच्या मागून, जराही पुढे न जाता, पेटी.

एवढ्यात काकू थांबल्या. काकांचं बोट हवेत राहिलं.

मी घाईने इअरफोन काढला आणि उठू लागलो. "माझ्यामुळे... मी मागे जाऊन बसतो, काका."

"तुमच्यामुळं न्हवं ओ," काका म्हणाले. "सिग्नल हाय. बसा. सुटंल आता."