चौथी पाटी

गावाच्या हिशेबाने दामोदरने आजवर चार कंपन्या बंद केल्या. परंतु ‘बंद’ हा शब्द त्याच्या तोंडून कोणीही ऐकलेला नाही.

“सर, बंद जावंक ना. पिव्हट केलां,” असे तो म्हणतो.

पिव्हट म्हणजे एक पाय जागेवर रोवून उरलेल्या अंगाने दिशा बदलणे. ही व्याख्या मी त्याच्याकडून शिकलो. डिचोलीच्या शाळेत कंपासचे टोक स्थिर ठेवून पेन्सिल कशी फिरवावी, हे मी त्याला शिकवले होते. तेव्हा आमची फिटंफाट झाली असे म्हणता येईल. फरक इतकाच, की कंपासची पेन्सिल फिरून पहिल्या जागी येते. दामोदरची अजून आलेली नाही.

त्याचे कार्यालय माझ्या घरासमोर, त्याच्या वडिलांच्या दुकानात आहे. बाबल खनिजाच्या ट्रकांचे सुटे भाग विकत असे. खाणींचे काम घटू लागले तशा फळ्या रिकाम्या झाल्या आणि मुलगा तिथे संगणक घेऊन बसला. त्याच्या तारा आजही ‘क्लच प्लेट’ लिहिलेल्या कप्प्यात असतात आणि चहाचे कप ‘ब्रेक ऑइल’ या कप्प्यात. दारावर पत्र्याची एकच पाटी. प्रत्येक कंपनीच्या वेळी तो तीच खरवडून नव्याने रंगवतो.

पहिली कंपनी सुर्ल्याच्या खाणीवरच्या ट्रकांची रांग मोबाइलवर आणणारी होती. चालकांनी नंबर मोबाइलवर घेतला आणि पहाटेपासून रांगेतही उभे राहिले. नंबरावर विश्वास होता, पुढच्या ट्रकवाल्यावर नव्हता. ॲप पूर्ण झाले आणि खाणीच थांबल्या. “आमच्या आदीं सरकारानच रांग काडली,” एवढेच दामोदर म्हणाला आणि पाटी खरवडायला बसला.

दुसरी हरमलच्या पर्यटकांना खोल्या मिळवून देणारी. घरमालकिणींना त्याने खोलीचा फोटो पाठवायला सांगितले. एकजात सगळ्या नवी साडी नेसून, केसांत अबोलीचा वळेसर माळून दारात उभ्या राहिल्या. खोली कुठल्याच फोटोत दिसेना. दामोदरने ते फोटो काढून टाकले नाहीत. “इतक्यो नटल्यात सर, कशें काडूं?” तिसरी कंपनी तेरेखोलची फेरीबोट कोणत्या काठावर आहे ते सांगे. मान वर केली तरी ते दिसते, हे मी त्याला दाखवून दिले. त्याने वहीत टिपून घेतले.

चौथ्या कंपनीची हकिकत मात्र सविस्तर सांगितली पाहिजे.

पत्नीच्या निधनानंतर मी एकटाच राहतो. सकाळच्या चहाबरोबर दोन उंडे, म्हणजे गोल पाव, लागतात. ते आमचा पाववाला, सान्तान पोदेर, सायकलवरून आणतो आणि रबरी भोंगा वाजवून गिऱ्हाइकांना दारात बोलावतो. अलीकडे हा सान्तान फार अनियमित झाला होता. कधी भोंगा वाजवी, कधी नाही. दोनदा मला नुसता चहा घ्यावा लागला. तिसऱ्यांदा मी त्याला दामोदरच्या दुकानासमोर गाठले आणि नियमितपणा या विषयावर दहा मिनिटे बोललो. सान्तान मान खाली घालून “व्हय सर, व्हय सर” म्हणत राहिला. दामोदर पायरीवर बसून ऐकत होता. काही विचारावेसे त्याला वाटले असावे, पण हल्लीची मुले शब्दाचा शेवट गिळतात, आणि मी दोनदा “काय?” म्हटल्यावर तो गप्प झाला.

पुढच्याच आठवड्यात चौथी पाटी लागली. पोदेर कुठे पोहोचला ते त्याच्या फोनवरून गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर सांगणारी कंपनी.

“पोदेराक भोंगो आसा मरे!” बाबल रस्त्यातूनच ओरडला. “आख्खो वाडो जागो जाता. ताका ॲप कित्याक?”

सगळे हसले. मीही हसलो, किंबहुना सर्वांत जास्त मीच हसलो असेन.

पहिल्या दिवशी वाड्यातल्या चाळीस जणांनी ते ॲप कौतुकाने घेतले. उघडताच पहिला प्रश्न आला: ‘तुमची भाषा कोणती?’ आमच्या गावात या प्रश्नावरून सख्खे भाऊ एकमेकांच्या चतुर्थीला गेलेले नाहीत. कोकणीचे बटण वर का, यावर बाबलच्या दुकानात दुपारपर्यंत वाद चालला आणि दुसऱ्या पानापर्यंत कोणी पोहोचलेच नाही. दामोदरने भाषा काढून पावाचे चित्र टाकले. तोपर्यंत कौतुक ओसरले होते.

मला त्याने वेगळेच काम दिले. “सर, तुमी टेस्टिंग करात. फोन सदऱ्याच्या बोल्सांत दवरात. थरथरलो की गेटीर वचून वेळ बरोवची.” मी वही आखली. दिनांक, वेळ, त्रुटी, असे तीन रकाने. फोन खिशात थरथरे, मी फाटकाशी जाई, सान्तान समोर उभा असे. रोज संध्याकाळी मी दामोदरला अहवाल पाठवी. त्याला आपली मदत होते आहे याचे मला समाधान होते. शिवाय उंडेही मिळत.

मग पुण्याहून एक गुंतवणूकदार आले. त्या दिवशी दामोदरने इस्त्रीचा सदरा घातला आणि मला खुर्चीवर बसवले. पाहुण्यांना हरमलच्या नटलेल्या मालकिणी फार आवडल्या. खोल्यांच्या कंपनीत पैसे घालायला ते तयार झाले. नंतर पडद्यावरच्या नकाशात त्यांना एक हिरवा ठिपका दिसला.

“हे पोदेरचं अजून चालू आहे? रोज एकच माणूस वापरतो? कोण हा?”

“आसा एक गिरायक,” दामोदर म्हणाला.

“ते बंद करा. एका वेळी एकच काम. मग आपण सह्या करू.”

“ताचें बंद करूंक जावचें ना,” दामोदर म्हणाला.

पाहुणे चहा अर्धा ठेवून गेले. मी त्याला वर्गात बोलावे तसे बोललो. हट्ट आणि तत्त्व यांतला भेद समजावला. एका माणसाच्या पावासाठी कोणी कंपनी घालवतो काय, असे विचारले. तो माझ्यासमोर येऊन, अगदी तोंडाकडे तोंड करून, स्वच्छ आवाजात म्हणाला, “सर, तो गिरायक रोज उठून वाट पळयता.”

महिनाभरात त्याने पुण्यात नोकरी धरली. “पिव्हट, सर,” असे म्हणून पाया पडला. थकलेला दिसला. पाटी त्याने या खेपेला खरवडली नाही; तशीच ठेवली.

तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी चहा ठेवला आणि सवयीने खिशाला हात लावला. आता हे यंत्र मुके होणार, असे वाटत होते. तेवढ्यात ते थरथरले.

त्या दिवशी मी फाटकाशी थोडा लवकर पोहोचलो. सान्तान अजून वळणावर, वडाखाली होता. तो भोंगा वाजवत होता. रबरी गोळा मुठीत दाबत होता, सोडत होता, पुन्हा दाबत होता. बाबलचा कुत्रा उठून भुंकू लागला असावा. त्याचे तोंड उघडमीट होत होते. तीन घरांतून बायका बाहेर आल्या.

मला काहीही ऐकू आले नाही.

सान्तान जवळ आला, दोन उंडे माझ्या हातात ठेवून माझ्या तोंडाकडे पाहत मोठ्याने म्हणाला, “दामून सांगलां, सरांच्या गेटीर पावले बगर फोन बंद करूं नाका.”

“तुला मी त्या दिवशी बरेच बोललो, सान्तान.”

“सर ते,” तो हसला, “बोलपाचेच.”

मी घरात आलो. चहा निवला होता. वहीत वेळ लिहिली; त्रुटीचा रकाना बराच वेळ समोर धरून बसलो आणि कोरा ठेवला. संध्याकाळी नेहमीप्रमाणे पुण्याला अहवाल पाठवला: ‘सहा वाजून बावीस मिनिटे. यंत्रणा व्यवस्थित.’

लगेच उत्तर आले.

‘थँक्यू सर. टेस्टिंग चालू दवरात. प्रॉडक्ट अजून तयार ना.’