दगडेसरांना पाणी लागलं

"यंदा माझ्या वर्गात बाक कमी पडणार, लिहून ठेव!" दगडेसरांनी सकाळच्या चहाला छाती ठोकून सांगितलं.

समोर बसलेल्या बायकोनं बिस्कीट चहात बुडवलं. "मागच्या वर्षीही हेच म्हणाला होतात. बाक काही कमी पडले नाहीत. मुलं पडली."

तर मंडळी, दुखणं इथंच होतं. दगडेसर हे कॉलेजात भूगर्भशास्त्राचे विभागप्रमुख. आणि त्यांची बायको त्याच मजल्यावर, अगदी समोरच्या दारात, पर्यावरणशास्त्राची विभागप्रमुख! तिला मुलं हिरवळबाई म्हणत. दोघांची खरी नावं पगाराच्या कागदापुरतीच उरली होती.

बाईंच्या दालनात काचेच्या टाक्यांची रांग होती. पहिल्या टाकीत गटारासारखं काळं पाणी, मग ते वाळूतून, गवताच्या मुळांतून झिरपत पुढे जायचं आणि शेवटच्या टाकीत इतकं स्वच्छ व्हायचं की त्यात रंगीत मासे पोहत! बघणारा तोंडाचा आ करून उभा राही. दगडेसरांच्या दालनात होती कपाटं. कपाटांत दगड. दगडांवर चिठ्ठ्या. कुणी नवा मुलगा आत डोकावलाच, तर "सर, स्वच्छतागृह कुठंय?" एवढं विचारून जाई.

बायकोचं कौतुक झालं की दगडेसर सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवत. पण घरी येऊन बूट असे काढत की एक दाराजवळ आणि दुसरा सोफ्याखाली सापडे.

यंदा तर प्राचार्यांनी थेटच सांगितलं होतं, "सर, या वर्षीही वर्ग भरला नाही तर विभाग बंद. तुम्ही ग्रंथालयाकडे लक्ष द्या." आणि त्यात भर म्हणून घरची लेक बारावी पास! बारावीनंतर काय शिकायचं, हे मुलांना आणि पालकांना दाखवायला कॉलेज आज सगळे विभाग उघडे ठेवणार होतं. लेकीनं जाहीर केलं होतं, "मी दोन्हीकडे बघणार, मगच ठरवणार. आधी कुणी लाच द्यायची नाही!"

दगडेसरांनी खिशातलं चॉकलेट खिशातच राहू दिलं.

"आणि अहो," बायको म्हणाली, "गाडीच्या डिकीत कुदळ दिसली मला. इमारतीच्या मागे खणणार असाल तर—"

"झालं! वर्ग तुझा, मुलं तुझी, आता मागची जमीनही तुझीच का?"

"अहो, ऐकून तरी घ्या!"

"काही ऐकत नाही!" म्हणून दगडेसर ताडकन उठले आणि अर्धा चहा टाकून निघाले.

त्यांचा बेत नामी होता. दगड कपाटात मेल्यासारखे दिसतात ना? मग मुलांनाच जमिनीच्या पोटात न्यायचं! इमारतीच्या मागे त्यांनी स्वतः कुदळ चालवून छातीइतका खड्डा खणला. वर काळी माती, खाली पिवळा मुरूम, त्याच्या खाली कुजका खडक. पुस्तकातलं चित्रच उभं केलं जणू! तळहाताला फोड आले, कंबर धरली, पण मन पिसासारखं हलकं झालं.

पाहुणे आले आणि नेहमीप्रमाणे सगळे टाक्यांकडे वळले. दगडेसर जिन्यात उभे राहून भाजीवाल्यासारखे ओरडू लागले, "चला, जमिनीखाली काय आहे बघायला! फक्त आमच्याकडे!"

चार जण मागे आले. त्यातल्या दोघी मायलेकी. आई म्हणाली, "सर, दगड शिकून पुढे काय? दगड फोडायला लावायचं का हिला?"

"अहो ताई, बोगदे कुठून न्यायचे, धरण कुठं बांधायचं, विहीर कुठं खणायची, सगळं भूगर्भवालाच सांगतो! हे बघा, आता खालचा थर दाखवतो..."

दगडेसर खड्ड्यात उतरले आणि आपलं म्हणणं ठसवायला त्यांनी सगळा जोर लावून कुदळ हाणली.

खण्ण!

आणि पुढच्या क्षणी पाण्याचा असा फवारा उडाला की सरांचा चष्मा कपाळावर जाऊन बसला!

"अगं बाई!" ताई किंचाळल्या. "सरांना पाणी लागलं! विहीर कुठं खणायची म्हणाले आणि लागलं की हो लगेच!"

दगडेसर तोंड उघडून 'नळ फुटला' म्हणणार होते. पण तेवढ्यात वरच्या खिडक्यांतून डोकी बाहेर आली. "पाणी? कुणाला लागलं? दगडेसरांना?" आणि हिरवळबाईंच्या दालनातून माणसं धबाधबा जिना उतरू लागली. मासे सोडून! टाक्या सोडून! वीस वर्षांत पहिल्यांदाच गर्दी त्या दारातून या बाजूला येत होती! आता अशा वेळी खरं बोलायला माणूस संत असावा लागतो. दगडेसरांनी तोंड मिटलं, चष्मा खाली ओढला आणि कमरेवर हात ठेवून म्हणाले, "अंदाज होताच मला."

बघता बघता खड्ड्याभोवती कडं झालं. कुणी फोटो काढले. एक आजोबा ओंजळ भरून पाणी प्यायले आणि त्यांनी "गोड आहे हो!" असा निकाल दिला. प्राचार्य धापा टाकत आले. "सर! कॉलेजचा पाण्याचा प्रश्न सुटला! तुम्ही आधी बोलला का नाहीत?"

"कुणी ऐकतंय का आमचं?" दगडेसर मान वेळावून म्हणाले. गुडघ्यापर्यंत चिखल झाला होता, पण त्यांना सिंहासनावर बसल्यासारखं वाटत होतं. गर्दीत लेकही दिसली. टाचा उंच करून बघत होती.

मग गर्दी बाजूला सारत हिरवळबाई आल्या. हातात काचेची एक नळी आणि औषधाची बाटली. त्यांनी नळीत फवाऱ्याचं पाणी धरलं, दोन थेंब टाकले आणि नळी उंच केली. पाणी गुलाबी झालं.

"सर," त्या गोड आवाजात म्हणाल्या, "पाण्यात क्लोरीन आहे. तुमच्या या झऱ्यात नळाचं औषध कुणी घातलं?"

मग कुणीतरी फिसकन हसलं, आणि मग सगळेच! आजोबांनी ओंजळ झटकली. प्राचार्यांचा चेहरा पडला.

"माझ्या टाक्यांना नळाचं पाणी देणारा पाइप आहे तो," बाई हळूच म्हणाल्या. "सकाळी तेच सांगत होते."

दगडेसरांना वाटलं, आता धरणीनं पोटात घ्यावं. पण धरणीनं आधीच गुडघ्यापर्यंत घेतलं होतं आणि पुढे सरकायला ती तयार नव्हती! शेवटी ते म्हणाले, "खोटं बोललो. झरा वगैरे काही नाही. मी पाइप फोडला."

बाईंनी पाणी बंद करवलं. लोक हलणार, तेवढ्यात मघाच्या मायलेकींतली मुलगी खड्ड्यात वाकून म्हणाली, "सर, मग खरं पाणी कुठं लागेल?"

हा प्रश्न दगडेसरांना कुणी कधी विचारलाच नव्हता. ते चिखलात रुतूनच बोलू लागले. काळी माती पाणी का धरून ठेवते, मुरमातून ते कसं खाली जातं, खडकाच्या भेगांतून कुठं साठतं, आणि ते साठायला किती पावसाळे जावे लागतात. ना कागद, ना फळा. बोलणं संपलं, त्यांनी वर पाहिलं, तर कडं तसंच होतं. ताई म्हणाल्या, "हे भूगर्भ का काय, याचा प्रवेश कुठं घ्यायचा?"

त्या वर्षी विभाग वाचला. ग्रंथालयाला दगडेसर मिळाले नाहीत.

त्या दिवशी रात्री घरी जेवताना बायकोनं ताट जरा जोरातच ठेवलं.

"काय झालं?" दगडेसरांनी भीत भीत विचारलं.

"माझ्याकडे मुलं मासे बघायला येतात," ती म्हणाली. "तुम्ही चिखलात उभे होतात, तरी ती तुमचं ऐकत होती. जळले मी, दुसरं काय!"

दगडेसरांचा घास हातातच राहिला. जळणं ही आपली एकट्याची जहागीर, असा त्यांचा समज होता! काहीतरी छान बोलावं, म्हणून ते शब्द शोधू लागले, तोच लेकीनं सांगून टाकलं, "मी ठरवलं. भूगर्भशास्त्र!"

दगडेसर पुढे सरसावले. "माझं बोलणं आवडलं ना तुला?"

"आवडलं ना! पण बाबा, तुम्ही रंगात आलात की डोळे मिटून बोलता. मधेच कुणी उठून गेलं तरी तुम्हाला पत्ता लागत नाही. आईच्या तासाला अशी सोय नाही!"

बायको इतकी हसली की तिला ठसका लागला.

दुसऱ्या दिवशी दगडेसर कॉलेजभर सांगत सुटले, "आमच्या लेकीनं माझाच विषय घेतला! माझी शिकवण्याची पद्धत तिला फार सोयीची वाटली!"