पुढलं ऐकीव हाय

आमच्या गावच्या दूध डेअरीत शिवाजी महाराज कित्येक वर्षं मिठाईच्या पेटाऱ्यात बसून होते. त्यांना तिथं बसवलं होतं लिंबाजीआबांनी, आणि बाहेर काढायला आबा काही केल्या तयार नव्हते.

मी त्या डेअरीच्या सोसायटीचा सचिव आणि आबा माप घालणारे. दुधात लॅक्टोमीटर सोडायचा, डोळे बारीक करून बघायचं, मान हलवायची. दूध आटोपलं की पालथ्या कॅनवर बसून ते डोळे मिटत आणि आग्र्याची गोष्ट सुरू करत. बादशहाचा दरबार असा थाटात उभा करायचे, की आमच्या पत्र्याच्या खोलीत अत्तराचा वास येतोय असं वाटायचं. महाराज आजारी पडत, मिठाईचे पेटारे निघत, महाराज एका पेटाऱ्यात बसत, झाकण लागे. आणि आबा उठून माप विसळायला लागत.

"आबा, पुढं?"

"पुढलं ऐकीव हाय. ऐकीव म्या सांगत न्हाई."

पुढलं गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आबांनाही होतं. पण नाही म्हणजे नाही! कवितेचंही तेच. दोन कडवी चालीवर म्हणत, तिसऱ्याला गप्प. त्यांचा भूगोल कोकणात सुरू होऊन घाटमाथ्यावर संपायचा. आमचा मराठवाडा बहुधा पुस्तकाच्या मागल्या अंगाला असावा. आम्ही त्यांना 'अर्धे आबा' म्हणायचो. चिडवण्यात सगळ्यांत पुढं मीच होतो.

त्या वर्षी पाऊस रुसला होता. होळीपर्यंत जनावरं चारा छावणीत गेली, दूध आटलं आणि डेअरीचं काम ऊन चढायच्या आत उरकायला लागलं. मग आबा दारात बसून समोरच्या पांढऱ्याफटक माळाकडं बघत राहायचे. याला ते 'इचार' म्हणत आणि आम्ही 'डुलकी'. पण त्या उन्हाळ्यात खरोखरच विचार होता. नात प्रतीक्षा सातवी पास होणार होती, आणि गावची शाळा सातवीलाच संपत होती.

आबांचा मुलगा दत्ता आणि सून सखू दिवाळीनंतर ऊसतोडीला जात. दोघांचं म्हणणं, पोरीला मांजरसुंब्याच्या पलीकडच्या खाजगी निवासी शाळेत घालायचं. "आमी सा म्हैने उसात. तितं फाटक हाय, वाचमन हाय. जिवाला घोर न्हाई," सखू म्हणायची. दुसरी शाळा नांदूरघाटची, जिल्हा परिषदेची. जवळची, पण फाटक नसलेली.

"सेक्रेटरी, गाडी काढा," आबा म्हणाले. "दोनी बघू. तपासल्याबिगर दूधबी घेत न्हाई आपुन."

खाजगी शाळेत त्या दुष्काळातही हिरवळ होती. आबा चप्पल काढून तिच्यावर उभे राहिले आणि क्षणभर कशाला आलोय तेच विसरले. टाय लावलेल्या मुख्याध्यापकांनी संगणक दाखवले, भोजनगृह दाखवलं. आबांना त्यात गम्य नव्हतं. "एकांद्या पोराचं पुस्तक दावा," म्हणाले. पुस्तक आलं. आबांनी ते मागून उघडलं. शेवटच्या धड्यावरून बोट फिरवलं, पान उजेडात धरलं, वास घेतला. मी शरमेनं भिंतीकडं बघत होतो.

"कोरं हाय," आबा म्हणाले.

"मुलं आमच्या नोट्सवरून अभ्यास करतात," मुख्याध्यापक हसले. "पुस्तक उघडायची गरजच पडत नाही."

"झ्याक हाय शाळा," आबा म्हणाले आणि चप्पल घालायला वळले.

नांदूरघाटच्या शाळेत हिरवळ नव्हती, टँकरची वाट बघणारं पिंप होतं. एका बाईंनी वर्षाअखेरीस जमा झालेल्या जुन्या पुस्तकांचं पोतं पुढं ओढलं. आबा मांडी घालून बसले. एकेक पुस्तक मागून उघडायचं, बघायचं. काही पुस्तकांची शेवटची पानं बोटांनी काळी झालेली, कोपरे दुमडलेले, कुठं तेलाचा डाग. काहींची मात्र अर्ध्यापर्यंत मळकी आणि पुढं पांढरीशुभ्र.

"ही उसाला गेलेल्या पोरांची," बाई म्हणाल्या. "दिवाळीनंतर निम्मा वर्ग जातो. राहतील त्यांना मी शेवटच्या पानापर्यंत शिकवते. गेलेल्यांचीही नावं रोज पुकारते. काय करू, सवय आहे."

आबांनी एक अर्धमळकं पुस्तक मांडीवर घेतलं आणि त्याच्या पांढऱ्या पानांवरून हात फिरवत बसले. "हे माझं," म्हणाले.

परतताना गाडीवर ते माझ्या पाठीशी बोलत होते. "दिवाळी झाली की आमच्या बैलगाड्या निघायच्या. चार सालं शाळंत गेलतो, सेक्रेटरी, पर शिमग्याला शाळा कशी दिसती ते बघितलं न्हाई. महाराज पेटाऱ्यात बसले आन् आमची गाडी जुपली."

"मग नंतर कावून वाचलं न्हाई?"

"नातवंडं झाल्यावर चवथीचं पुस्तक मागायला लाज वाटती."

मी गाडी हळू केली. 'अर्धे आबा' हे नाव पाडणारा मीच होतो, आणि त्या क्षणी मला माझीच भयंकर लाज वाटली.

प्रतीक्षा नांदूरघाटच्या शाळेत गेली. सखू रुसली, पण आबा हलले नाहीत.

श्रावणात सखूला मुलगा झाला, पाऊस मात्र त्याही वर्षी आला नाही. दिवाळीनंतर मुकादमाचा ट्रक चावडीपुढं उभा राहिला, तेव्हा गाठोड्यांत प्रतीक्षाचंही गाठोडं होतं. तान्ह्याला उसाच्या फडावर कोण सांभाळणार? पोरगी खाली मान घालून उभी होती.

"एका सालाचा तर सवाल हाय, मामंजी," सखू रडवेली होऊन म्हणाली. "त्या फाटकाच्या शाळंत आस्ती तर म्या नेलीच नसती."

"माझी आईबी आसंच म्हणायची," आबा म्हणाले. "दरसाल."

मग त्यांनी प्रतीक्षाचं गाठोडं ट्रकमधून खाली उतरवलं, माझ्या हातात दिलं, आणि स्वतः चाकावर पाय देऊन वर चढले. "आणा ते लेकरू हिकडं. म्या संभाळतो. सेक्रेटरी, पोरगी तुमच्या घरी. आन् माप नीट घाला."

ट्रक सुरू झाला तशी प्रतीक्षा धावली. दप्तरातून काहीतरी काढून तिनं आजोबांच्या हातात कोंबलं. धुरळ्यात मला नीट दिसलं नाही.

त्या हिवाळ्यात डेअरी मुकी झाली. मी माप घालायचो, लोक दूध ओतून निघून जायचे. प्रतीक्षा आमच्या ओसरीवर मोठ्यानं वाचत बसायची. शिमगा तिनं शाळेतच केला.

कारखान्याचा पट्टा पडून हंगाम संपल्यावर आबा परतले. वाळलेले, काळवंडलेले, कडेवर बाळसेदार नातू. आधी त्यांनी प्रतीक्षाचं पुस्तक मागितलं आणि मागून उघडलं. शेवटच्या पानावर शाईचा डाग, भाजीचा डाग, बोटंच बोटं. त्यांनी ते डोळ्यांना लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा पालथ्या कॅनवर बसले. नातू मांडीवर. दरबार भरला, महाराज आजारी पडले, पेटाऱ्यात बसले, झाकण लागलं. लोक सवयीनं उठायला लागले.

"बसा की," आबा म्हणाले आणि सदऱ्यातून एक पुस्तक काढलं. चौथीचं, प्रतीक्षाचं जुनं. मागच्या पानांना उसाच्या चिपाडाची कुसळं चिकटलेली. "खोपीत ह्या लेकराला वाचून दावलं. आता ऐकीव न्हाई."

आणि महाराज पेटाऱ्यातून बाहेर आले. बैरागी होऊन रानोमाळ चालले, नद्या ओलांडल्या, गडावर पोचले. बैराग्यानं पायावर डोकं ठेवलं आणि आईसाहेबांनी आपलं लेकरू ओळखलं. इथं आबांनी बाहीनं डोळे पुसले. पण ते थांबले नाहीत.

बाहेर दुधाचा टेंपो हॉर्न वाजवत होता. कोणी उठलं नाही, मीही नाही.